क्षेत्रकार्य आणि भावाची सोयरीक

मी समाजशास्त्र शिकवते आणि माझा विषय स्थलांतर. कोण कुठून आलं, का आलं, आल्यावर रुजलं की नुसतंच टेकलं, हे मी गेली कित्येक वर्षं लोकांच्या घरात जाऊन विचारते. पुण्यात हे सांगितलं की समोरचा माणूस "वा, फारच महत्त्वाचं" म्हणतो आणि दुसऱ्याशी बोलायला लागतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या उंद्रीत सांगितलं की लोक जवळ सरकतात आणि हळू आवाजात विचारतात, "ताई, मंग कॅनडाचं जमते का काही?" एका काकांनी तर पोराचा पासपोर्टच माझ्या हातात ठेवला होता. मी म्हटलं, काका, मी लोकांना पाठवत नाही, जे आले त्यांचा अभ्यास करते. काका म्हणाले, "म्हंजे सारं आल्यावर. जायच्या आधी काईच नाई?" आणि पासपोर्ट परत खिशात घातला. त्या दिवसापासून ते मला ओळख देतात, पण पहिल्यासारखी नाही.

पुण्यात शिकत होते तेव्हा माझ्या बरोबरीचे सगळे अमेरिकेतल्या मराठी मंडळांवर काम करत होते. गणपती तिकडे कसा बसतो, दुसरी पिढी पुरणपोळीला काय म्हणते, वगैरे. त्यांना तिकडे जायला मिळायचं. मी आमच्याच जिल्ह्यातलं नांदुरा घेतलं. आमच्या मार्गदर्शक सरांनी विचारलं, "नांदुरा म्हणजे कुठे?" मी म्हटलं, मेन लाइनवर. सर म्हणाले, "कुठल्या?" मला असा राग आला! हावडा मेल जिथून धडधडत जाते ते गाव माहीत नाही आणि न्यू जर्सीतलं उपनगर माहीत आहे. तिथल्या तिथे मी ठरवलं की नांदुराच करणार. मी "करून राह्यली" म्हटलं की वर्ग हसायचा, तोही राग त्यात होताच.

नांदुऱ्यात एक मोहल्ला आहे. तिथली माणसं निमाडातून, म्हणजे बऱ्हाणपूर-खंडव्याकडून, पणज्या-खापरपणज्याच्या काळात रेल्वेनं आली. कापसाच्या कामाला आली, धान्याच्या बाजारात लागली आणि राहिली. घरात अजून निमाडी बोलतात, दारात वऱ्हाडी. चैत्रात गणगौर, म्हणजे तिकडची चैत्रगौर, बसवतात आणि दिवाळीला आमच्यासारखीच चकली बिघडवतात. माझ्यासारखीसाठी ही सोन्याची खाणच होती.

आता घरचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला एक धाकटा भाऊ आहे. उंद्रीला शेती करतो, आणि चांगली करतो. विहिरीला पाणी आहे, ठिबक आहे, दारू नाही, तंबाखूचा खर्रा नाही, बोलणं तर जवळजवळ नाहीच. तिशी ओलांडून बरीच वर्षं झाली तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. मुलीकडचे यायचे, चहा प्यायचे, जमीन किती ते विचारायचे, ऐकून खूश व्हायचे आणि मग विचारायचे, "अन् पोरगा नोकरी कुठं करते?" शेती पाहिजे, पण पोरगा शेतात नको. एका मुलीच्या मामांनी तर तोडगा काढला होता: पोरगा पुण्याला ठेवा, शेती इथं राहू द्या. जसं काही त्यांची भाची सातबाऱ्यालाच द्यायची होती. दरवेळी पाहुणे गेले की माझा भाऊ कपबशा उचलून आत नेऊन ठेवायचा आणि वावरात निघून जायचा. त्याचं ते कपबशा उचलणं मला बघवायचं नाही.

माझ्या स्वतःच्या लग्नाचा विषय घरच्यांनी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षीच सोडून दिला होता, तेव्हा आईचा सगळा जीव या एका लग्नात अडकलेला. मी बुलढाण्याला राहते. फोन केला की आई एकच बोलायची. "सारी दुनिया कोणं कोणाले पोरगी देली ते इच्यारत फिरतेस तू, अन् घरच्या पोट्ट्यासाठी एक पोरगी नाई सापडत तुले?" मी म्हणायचे, आई, ते संशोधन आहे. आई म्हणायची, "मंग हेबी कर की संशोधन."

तर क्षेत्रकार्य. आमच्या शास्त्राचा पहिला धडा असा की माणसानं तुमच्याशी बोलावं असं वाटत असेल तर आधी तुम्ही बोला. आपल्या घरचं चार वाक्यांत सांगा म्हणजे विश्वास बसतो. मी धडा पाळणारी बाई. प्रत्येक घरात बसल्या बसल्या सांगायचे: मी उंद्रीची, आई-बाबा शेतकरी, मी कॉलेजात शिकवते, धाकटा भाऊ आहे, शेती तोच पाहतो, लग्न व्हायचं आहे. मग माझे प्रश्न सुरू. तुमचं मूळ गाव कोणतं? त्याच्या आधी? इथं कोणाच्या ओळखीनं आलात? घरात कोणती भाषा बोलता? पोरी कोणत्या गावाला दिल्या, सुना कुठून आणल्या? पोटजातीबाहेर चालतं का? घरात लग्नाचं कोण आहे? शिक्षण किती? आणि अगदी शेवटी, चहा संपल्यावर, माझा लाडका प्रश्न: तुम्हाला हे गाव आपलं कधी वाटायला लागलं?

वाचकानं आत्ता कपाळावर हात मारला असेल. मी मारला नाही.

पहिल्या घरात पोहे आले. ट्रे घेऊन मुलगी आली, चांगली साडी, डोक्यावरून पदर. मी म्हटलं, बस ना. ती बसली. मी शिक्षण विचारलं. स्वयंपाक कोण करतं तेही विचारलं, कारण खाण्यातून संस्कृती टिकते असं आमच्यात एक अख्खं प्रकरण असतं. मुलीची आई घाईघाईनं म्हणाली, "सारं येते तिले. बाफले, अंबाडीची भाजी, पुरणपोळीबी." मी टिपून घेतलं: निमाडचे बाफले, इकडची पुरणपोळी, दोन्हीकडचा स्वयंपाक आत्मसात. दुसऱ्या घरात पोहे आणि मुलगी. तिसऱ्या घरात पोहे, मुलगी आणि मुलीचा मामा, खास रजा टाकून आलेला. मी टिपलं: मामाचं स्थान महत्त्वाचं दिसतं. एका घरी आई मुलीला म्हणाली, "जा बरं, दारापर्यंत जाऊन ये." ती गेली, वळली, आली. मला वाटलं, दार लोटायला गेली असेल. रात्रीच्या एसटीनं बुलढाण्याला परतायच्या आत मी सरांना कळवून टाकलं की हा समाज अत्यंत आतिथ्यशील आहे आणि मुली अजिबात बुजत नाहीत.

त्या मोहल्ल्यात एक म्हातारी होती. सगळे तिला जीजी म्हणायचे, निमाडीत आईला म्हणतात तसं. तिच्या शब्दाबाहेर तिथलं पान हलत नसे. एक दिवस मी पुढच्या घराकडे निघाले होते तर तिनं ओट्यावरूनच हाक मारली. "मॅडम, इकडं या. बसा. पोहे नाईत, पह्यलेच सांगून देते."

मी बसले. जीजी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काय खोट हाय आमच्या पोरीत?"

"कोणत्या पोरीत?"

"कोणत्या म्हंता? साऱ्याच पाह्यल्या तुमी. घरोघर गेल्या, खाल्लं, पेलं, शिक्षण इच्यारलं, सैपाक इच्यारला, चालाले लावलं, अन् उठून गेल्या. हाव नाई का नाई नाई. असं कोणी करते का, बाप्पा?"

माझ्या डोक्यात तेव्हा एकेक पोह्यांची बशी परत येऊन बसली. मी म्हटलं, "जीजी, गैरसमज झाला. मी अभ्यास करते."

"कायचा?"

"तुम्ही लोक निमाडातून इथं कसे आलात, त्याचा."

"गाडीनं आलो." जीजीनं स्टेशनाकडे हात केला. "त्याच्यासाठी पोरीचं शिक्षण कशाले लागते? अन् भावाचं लग्न व्हायचं हाय हे काऊन सांगतलं मंग साऱ्याईले?"

"विश्वास बसावा म्हणून."

"बसला न. साऱ्या मोहल्ल्याचा बसला. आता काय करता?"

याचं उत्तर मी वाचलेल्या एकाही पुस्तकात नव्हतं. मी माफी मागितली, घरोघर जाऊन मागते म्हणाले. जीजी म्हणाली, "राहू द्या, अजून वाढवून ठेवसान." मग म्हणाली, "माह्यी नात तेवढी पाह्यली नाई तुमी. तिनं पह्यलेच सांगतलं होतं का मी ट्रे घेऊन येणार नाई, ज्याले पाह्याचं त्यानं दुकानात या." नात बी.एस्सी. झालेली, बाजारातल्या एका कृषी सेवा केंद्रात काम करायची. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. शेतकऱ्यांना औषध देताना आधी झापते आणि मग बाटली देते, अशी तिची ख्याती होती.

मी हा सगळा फजितीचा किस्सा आईला फोनवर सांगितला, हसण्यासाठी. आई हसली नाही. म्हणाली, "ते दुकान बजारात कोण्या बाजूले हाय?"

पुढच्या आठवड्यात माझा भाऊ हरभऱ्याचं बियाणं आणायला नांदुऱ्याला गेला. चिखली सोडून, वाटेतलं खामगाव सोडून नांदुऱ्याला. संध्याकाळी जेवताना तो आपणहून बोलला. बाबांच्या हातातला घास तसाच राहिला, असं आईनं मला सांगितलं. "थे दुकानातली म्हंते, औषध सकाऊन मारत जा. तुमी भर दुपारी मारता म्हणून अळी हसते तुमाले." एवढं बोलून तो स्वतःच हसला. मग तो औषधाची बाटली आणायला गेला. मग पंपाचं नोझल आणायला गेला, जे उंद्रीत आमच्या घरासमोरच्या दुकानात टांगलेलं असतं. एकदा मी घरी गेले तेव्हा मला गोठ्यामागं बोलावून म्हणाला, "ताई, हे जमलं तर पाय. नाई जमलं तर यापुढं कोणाले चहा प्याले घरी बोलवू नका माह्यासाठी. मी नाई उचलणार आता कपबशा."

हे ऐकून माझं शास्त्रबिस्त्र सगळं गळून पडलं.

तरी मी सरांना फोन केला. म्हटलं, सर, नैतिक पेच आहे, माझ्या अभ्यासातल्या एका घरात भावाची सोयरीक होऊ पाहतेय. सर म्हणाले, "ते एक घर नमुन्यातून वगळा. आणि लग्न कधी आहे?" पोटजातीचा घोळ होताच, तेही कुणबी आम्हीही कुणबी, पण तिकडचे आणि इकडचे. तो दोन्हीकडच्या म्हाताऱ्या माणसांनी फोनवर कसा निस्तरला ते मला आजतागायत समजलेलं नाही, आणि हा माझा विषय आहे. अडले फक्त बाबा. "चांगले असतीन. पण हायत तर बाहेरचेच. आपण उंद्रीचे, सात पिढ्याचे." मी त्यांना समजावलं, रुजणं म्हणजे काय, बाहेरचं म्हणजे काय. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे तू कॉलेजात सांग."

मग एका रविवारी नांदुऱ्याहून दोन क्रूझर भरून पाहुणे आले. घर पाहायला. एवढी माणसं का, तर ज्या ज्या घरी मी पोहे खाल्ले होते त्या प्रत्येक घरचा एक माणूस होता. त्यांनाही बघायचं होतं की मॅडमच्या घरी पोहे कसे करतात. आणि जीजीच्या शेजारी, सलवार-कमीजमध्ये, नात स्वतः बसलेली. आईनं स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि मला चिमटा काढला. "अवं माय! पोरगी सोताच आली?"

भाऊ नवीन शर्ट घालून भिंतीला टेकून उभा होता. त्याला बस म्हटलं तरी बसेना. पोहे झाले, चहा झाला. मी सवयीनं घसा खाकरून बोलायला लागले तर जीजीनं हात वर केला. "मॅडम, तुमी बसा निवांत. आज आमी इच्यारतो."

आणि तिनं सुरुवात केली. माझेच प्रश्न. त्याच क्रमानं, त्याच नम्र आवाजात, मान किंचित तिरकी करून, जशी मी करते म्हणे. नांदुऱ्याची माणसं तोंडावर रुमाल धरून बसली होती.

"तुमचं मूळ गाव कोणतं, पाटील?"

"हेच. उंद्री." बाबा ताठ बसले.

"त्याच्या आधी?"

"आधी काय? हेच."

"हाव, पण त्याच्या आधी?"

पहिल्या उत्तरावर कधी थांबू नये, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही पोलीस मीच घरी आणलेत. मग म्हणाले, "आमचे आजोबा... जालन्याकडून आलते."

मी आणि भावानं एकमेकांकडे पाहिलं. हे आम्हाला नवीन होतं.

"कोणाच्या ओळखीनं?" जीजी म्हणाली.

"सासऱ्याच्या."

"म्हंजे घरजावई?"

"घरजावई नाई!" बाबा उसळले. "सासऱ्याले पोरगा नव्हता, वावर पाहाले कोणी नव्हतं, म्हणून थे इथं राह्यले."

"हाव, त्यालेच म्हंतात," जीजी म्हणाली, आणि अख्खी बैठक हसून फुटली. सात पिढ्यांची एका चहात अडीच झाली. माझ्या छापलेल्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर ‘लेखिका मूळच्या स्थानिक’ असं लिहिलेलं आहे. आता ते काय खोडत बसणार. जीजी डोळे पुसत म्हणाली, "मंग तुमीबी उतरलेलेच की हो आमच्यावाणी."

"बैलगाडीतून," बाबा म्हणाले. रेल्वेतून उतरणाऱ्यांपेक्षा ते काहीतरी वरचं आहे असा त्यांचा सूर होता. पण चेहरा सैल झाला होता, आणि थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच पणजोबांच्या सासऱ्याची गोष्ट सांगायला घेतली. आता जमलंच, असं मला वाटलं. भावानंही पहिल्यांदा भिंत सोडली आणि खुर्चीच्या टोकावर बसला.

मग जीजीनं दाराकडे पाहिलं. "अन् तुमी आत काऊन उभ्या? या न. तुमाले एकच इच्यारतो, शेवटचं."

आई पदर सारखा करत येऊन उंबऱ्याशी बसली. माझी आई रोहिणखेडची. मोताळ्याकडची. लग्न होऊन उंद्रीला आली तेव्हा वीसचीही नव्हती.

"तुमाले हे गाव आपलं कवा वाटाले लागलं?"

या प्रश्नाला लोक छान उत्तरं देतात. पोरं झाल्यावर, घर बांधल्यावर, पहिल्यांदा इथल्या स्मशानात कोणाला पोचवून आल्यावर. आईसुद्धा असंच काहीतरी म्हणेल, सगळे मान डोलावतील आणि पेढे फुटतील. मी पेढ्यांचा पुडा हातात घेऊनच बसले होते.

आई म्हणाली, "खरं सांगू? नाई वाटत."

कोणी तरी चहाची बशी खाली ठेवली, तिचा आवाज झाला.

"सारं हाय," आई म्हणाली. "घर हाय, वावर हाय, कोणं मले कमी केलं नाई. लेकरं सोन्यासारखे हायत. पण दुपारी भांडे घासून झाले, सारे आडवे झाले, का मले वाटते, चला आता, घरी जावं. रोज वाटते. आमच्या घरामागं जुनी मशीद हाय, दगडाची. तिच्या सावलीत आमी पोरी गजगे खेळत जावो. थंडगार राहे थो दगड. तेच आठोते."

"हे घर नाई का मंग?" बाबा म्हणाले. रागानं नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"हाय न. म्या कुठं नाई म्हणलं."

मला आईचा असा संताप आला! इतकी वर्षं गप्प राहिली आणि आजचाच मुहूर्त सापडला तिला. पोरगी सासरी द्यायला आलेल्या माणसांसमोर सासूच सांगतेय की या घरात माझं मन रमलं नाही. कोण देईल पोरगी? मी भावाकडे पाहिलं. तो समोरच्या कपबशांकडे बघत होता.

तेवढ्यात नात बोलली, आल्यापासून पहिल्यांदा. "मंग जाता कवा तुमी?"

"आता कवा? पह्यले राखीले जात होतो. भाऊ होता तवा. आता म्हैस हाय, चारा-पाणी हाय. यायले येळ नसते." आईनं बाबांकडे हनुवटी केली.

नात भावाकडे वळली. दुकानात बाटली देताना बघत असेल तशी सरळ बघत म्हणाली, "अन् मी असं म्हणलं, दुपारच्या वक्ताले, का मले घरी जावंसं वाटून राह्यलं, तर तुमी काय म्हणसान?"

माझा भाऊ. ज्याला दोन वाक्यं बोलायला दोन दिवस लागतात. मी मनातल्या मनात त्याला उत्तरं पुरवत होते. म्हण की माझं घर ते तुझं घर. म्हण की तुला काही कमी पडू देणार नाही. काहीतरी बोल बे!

त्यानं मान खाजवली. "म्हणीन काय?" तो म्हणाला. "गाडीत पेट्रोल हाय का ते पाहीन."

मग जीजीनं मांडीवर थाप मारली आणि असं हसली की तिला ठसका लागला. नात हसली नाही. तिनं खाली वाकून स्वतःची आणि भावाची कपबशी उचलली, आईच्या हातात दिली आणि म्हणाली, "माह्याकडून हाव हाय. जीजी, तुमी पहा आता." मला रडू फुटलं. पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दाबला जाऊन सगळे पेढे चपटे झाले होते, ते तसेच वाटले.

पाहुणे गेल्यावर बाबा ओट्यावर बसून राहिले. मग आईला म्हणाले, "एवढ्या दिवसात कधी बोलली नाईस."

"तुमी इच्यारलं काऊन नाई?" आई म्हणाली आणि म्हशीकडे गेली. मीसुद्धा विचारलं नव्हतं. इतक्या परक्या बायकांना विचारलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तेही टिपून घेतलं, आणि हिला नाही. पण हे त्या वेळी बोलून दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी भावाची मोटरसायकल काढली आणि म्हणाले, "चाल." आई लग्नाला नेसायची साडी नेसली आणि दोघं रोहिणखेडला गेली. संध्याकाळी परत आली ती भांडतच. बाबांचं म्हणणं, मामीकडं जेवली, मशिदीच्या दगडाला हात लावून आली, आणि ऊन उतरायच्या आत स्वतःच म्हणाली की म्हैस ओरडत असेल, चला घरी. आईचं म्हणणं, "मी असं म्हणलीच नाई. यायलेच घाई झालती." हे भांडण अजून मिटलेलं नाही. मी त्यात पडत नाही, दोन्ही साक्षीदार पक्के आहेत.

लग्न झालं. जेवणात बाफलेही होते आणि पुरणपोळीही होती, आणि नांदुऱ्याच्या त्या सगळ्या घरच्या मुली मला ओळीनं भेटून म्हणाल्या, "मॅडम, आता आमच्यासाठी पाहा." चैत्रात वहिनीनं उंद्रीत गणगौर बसवली. टोपलीत गहू पेरले. आई दिवसातून दहादा जाऊन ते किती उगवले ते बघायची आणि शेजारणींना दाखवायची, जसं काही ही रीत आमच्याकडे बैलगाडीतूनच आली होती. बाबा आता सगळ्यांना आपण होऊन सांगतात की आम्ही मूळचे जालन्याकडचे. घरजावई हा शब्द मात्र गाळतात.

वैशाखात मी सुट्टीला घरी होते. दुपारची वेळ. भांडी घासून झाली होती, बाबा आडवे झाले होते, बाहेर उन्हानं पत्रा तडतडत होता. वहिनी आतून आली, खांबाला टेकली आणि भावाला म्हणाली, "मले घरी जावंसं वाटून राह्यलं."

भाऊ चपला शोधायला उठला. पण त्याच्या आधी आई उठली. पदर डोक्यावर घेऊन ती भर उन्हात अंगणात गेली, मोटरसायकलचं हँडल दोन्ही हातांनी धरलं, टाकीला कान लावला आणि गाडी गदागदा हलवून ऐकलं.

"हाय," ती म्हणाली. "नांदुऱ्यापर्यंत पुरते. निघा."